परतीचे तिकीट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या मावसभावाची मुलगी आमच्या घरी आली. नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम तिने पुरा केला होता. सुरतला राहून ती जर्मन भाषेची शिकवणी घेत होती. हातात प्लॅस्टिकच्या फायलीत बारा पानांचा करारनामा होता. जर्मनीतल्या एका वृद्धांच्या निवासात कामाला येण्याबद्दलचा. ती म्हणाली, "चाचा, हे नीट वाचा आणि सही करू की नको ते सांगा. अब्बा म्हणतात, चाचा हो म्हणाले तरच."

नंदुरबारच्या आमच्या मोहल्ल्यात मला कवी म्हणून ओळखणारे थोडेच. बीए झालेला, कागद वाचून देणारा, अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून मात्र सगळे ओळखतात. रेशन कार्डापासून वारसाच्या नोंदीपर्यंत कितीतरी कागद मी वाचले. पण हा कागद हातात घेतला आणि मन त्यावर बसेना. त्या मुलीच्या दादीची, म्हणजे माझ्या खालाची आठवण झाली. ती कुवेतला गेली तेव्हा तिच्याजवळ असा कागद नव्हता. आणि खालाच्याही आधी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून ज्या बाया परक्यांची लेकरे कडेवर घेऊन विलायतेला गेल्या, त्यांची आठवण झाली. मुलीला मी म्हटले, "दोन दिवस थांब." त्या दोन दिवसांत मनात जे जुळत गेले, तेच आज आपल्याला सांगणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. 'आया' हा शब्द आपल्या रोजच्या वापरातला. बालवाडीत आया असते, दवाखान्यात आया असते. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत मुले सांभाळणाऱ्या बाईला हा शब्द आहे, आणि त्याच्याही मागे गेले तर लॅटिनमधला आजीसाठीचा शब्द सापडतो. पोर्तुगिजांकडून तो इंग्रजांनी उचलला आणि हिंदुस्थानभर पसरला. मराठीत मात्र त्याला आणखी एक अर्थ येऊन मिळाला. आपल्याकडे आईचे अनेकवचनही 'आया' असेच होते. 'आयाबहिणी' म्हणतो तो हाच शब्द. म्हणजे पगारी बाई आणि जन्मदात्री यांना मराठीत एकच रूप.

हा योगायोग मला फार वर्षे सुंदर वाटत होता. आता तितका वाटत नाही. कारण जिला आपण आईच्या ठिकाणी मानतो, तिचा पगार ठरवायला आणि तास मोजायला आपली जीभ रेटत नाही. "अहो, ती आमच्या घरच्यासारखीच आहे" असे म्हटले की हिशेब तिथेच मिटतो. मायेचा शब्द पुढे आला की मजुरीचा शब्द मागे सरतो. आयांचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधला आहे.

इंग्रजांच्या राज्यात साहेबाच्या बंगल्यावर आया हवीच असे. मुलांना न्हाऊमाखू घालणे, भरवणे, निजवणे, आजारात रात्र जागून काढणे, सगळे तिचे काम. साहेबाचे कुटुंब रजेवर विलायतेला निघाले, की बोटीवर मुलांना कोण सांभाळणार? मग आयाही बरोबर निघे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून महिनोनमहिने चालणारा प्रवास मुंबईहून तीनेक आठवड्यांवर आला. मडमांची आणि मुलांची ये-जा वाढली, तशी आयांचीही वाढली. बोट लागून मडम अंथरुणाला खिळलेली, मुले रडताहेत, आणि हलत्या बोटीवर एकटी आया सगळ्यांचे करते आहे, असे ते काम होते. हे काम इतके अवघड, की बोटीचा सराव असलेल्या आयांचा एक वेगळा वर्गच तयार झाला. पुन:पुन्हा समुद्र ओलांडणे हाच त्यांचा धंदा. अँटनी परेरा नावाच्या माणसाची पत्नी असलेल्या एका आयेची नोंद लंडनमध्ये सापडते. हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामध्ये आपण ५४ वेळा प्रवास केला, असे तिने १९२० च्या दशकात सांगितले होते. ५४ वेळा! त्या काळी आपल्याकडे हजला जाऊन आलेल्या माणसाला आयुष्यभर हाजीसाहेब म्हणत. या बाईला मिसेस अँटनी परेरा म्हणत. तिचे स्वतःचे नाव त्या नोंदीतही नाही.

बोट लंडनला लागली की अडचण सुरू होई. कुटुंबाला आता आयेची गरज उरलेली नसे. परत येणारे दुसरे कुटुंब मिळाले तर ठीक, नाहीतर ती त्या थंड मुलखात उघड्यावर. १८५५ च्या सुमारास पूर्व लंडनच्या गोदीजवळ एका कळकट खाणावळीत पन्नास-साठ आया दाटीवाटीने राहत असल्याचा बोभाटा झाला होता. पुढे ऑल्डगेट भागात 'आयाज होम' नावाचे निवासस्थान चालू झाले. १९०० मध्ये लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेने ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्‌स रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घरात नेले आणि १९२१ मध्ये त्याच रस्त्यावरच्या ४ क्रमांकाच्या मोठ्या घरात. तीसेक खोल्या, शंभरेक बायांची सोय. हिंदुस्थानी आया तिथे असत, तशा चीनमधल्या अमाही असत. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. पण उपाशी बाईला गरम जेवण आणि अंथरूण मिळत होते, हेही खरे.

त्या निवासाची चालण्याची रीत मोठी शहाणपणाची होती. ज्या कुटुंबाने आयेला आणले, ते तिचे परतीचे तिकीट निवासाच्या हवाली करी. हिंदुस्थानला निघालेल्या दुसऱ्या कुटुंबाला आया हवी असली, की निवास ते तिकीट त्या कुटुंबाला विकी. त्या पैशातून आयेचा तोवरच्या राहण्या-जेवणाचा खर्च भागे आणि तिला परतीची सोबत मिळे. सगळे गाडे एका तिकिटावर चाले. तिकीट असले तर बाई घरी पोचली, नसले तर संपले. १९०८ मध्ये अशाच एका आयेला तिच्या मालकांनी किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड ठेवून सोडून दिले. परतीचे तिकीट नाही, भाषा नाही, ओळखीचे कोणी नाही. विलायतेत निराधार झालेल्या हिंदुस्थानी आणि वसाहतींतल्या प्रजाजनांचा विचार करण्यासाठी तिथल्या सरकारने समिती नेमली. तिचा अहवाल १९१० मध्ये आला, आणि आयांच्या या हालांची बाबही त्या समितीपुढे आली होती.

या बायांमध्ये ख्रिस्ती होत्या, मुसलमान होत्या, हिंदूंमधल्या खालच्या मानलेल्या जातींच्या होत्या. पण कागदोपत्री त्यांचा धर्म, गाव, नाव क्वचितच दिसते. बोटीच्या यादीत मालकाच्या आडनावापुढे 'आया' असा शब्द लिहीत, झाले काम. सर जोशुआ रेनॉल्ड्‌स हा मोठा इंग्रज चित्रकार. त्याने १७६५ च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचे एक चित्र काढले, ते आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात छोट्या मुलीला धरून गुडघ्यावर बसलेली एक हिंदुस्थानी बाई आहे.  चित्राच्या नावात क्लाइव्ह आहे, त्याचे कुटुंब आहे, आणि 'एक हिंदुस्थानी मोलकरीण' आहे.

रोझिना व्हिसराम या इतिहासकार बाईंनी १९८६ मध्ये विलायतेतल्या आया, खलाशी आणि संस्थानिक यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा हा विषय पहिल्यांदा नीट लोकांपुढे आला. अलीकडे फरहाना मामूजी या लंडनच्या तरुणीने चिकाटीने पाठपुरावा केला आणि १६ जून २०२२ रोजी किंग एडवर्ड्‌स रोडवरच्या त्या २६ क्रमांकाच्या घरावर निळी पाटी लागली. लंडनमध्ये अशा पाट्या थोरामोठ्यांच्या घरांवर लागतात. ही पाटी बिननावाच्या बायांची आहे.

आता लंडनहून आपल्या मुलखात येतो. कारण आया फक्त साहेबाच्या काळात होत्या असे नाही. साहेब गेला, बोटींच्या जागी विमाने आली, आणि मुंबईच्या वाटा विलायतेऐवजी आखाताकडे वळल्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिथे पैसा आला, आणि लेकरे-म्हातारे सांभाळायला परदेशी बाया हव्या झाल्या.

माझी खाला नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. आपल्या भागातल्या लोकांना पथारी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. नंदुरबारचा मिरचीचा बाजार मोठा. हंगामात मैदानेच्या मैदाने लाल होतात, आणि शेकडो बाया मिरच्यांचे देठ खुडत बसतात. मजुरी वजनावर. संध्याकाळी हाताची इतकी आग व्हायची, की घरी आल्यावर खाला आपल्या मुलाला जवळ घ्यायची नाही, त्याच्या डोळ्यांत तिखट जाईल म्हणून. माझ्या खालूंचा इंतकाल झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. १९८१ मध्ये, तो पाच वर्षांचा असताना, मुंबईच्या एका एजंटामार्फत खाला कुवेतला एका घरी मुले सांभाळायला गेली. ताप्तीच्या काठाने जाणाऱ्या आमच्या रेल्वेने सुरत, तिथून मुंबई, मुंबईहून विमान. मुलगा आमच्या घरी राहिला. माझ्या आईला त्याने खाला म्हणायचे. पण आम्ही भावंडे अम्मी म्हणायचो, म्हणून तोही अम्मी म्हणू लागला.

तेव्हा मी अकरा वर्षांचा, मराठी शाळेत शिकत होतो. खालाला पत्र लिहायचे काम माझ्याकडे आले. आम्ही घरी बोलतो ती आमची खानदेशी वळणाची हिंदुस्थानी; पण मला लिहिता येत होते मराठी. खालाला वाचता येत नव्हते. ती ज्या घरी होती, तिथे रत्नागिरीकडचा एक कोकणी मुसलमान ड्रायव्हर होता. तो माझी मराठी पत्रे तिला वाचून दाखवी आणि तिची उत्तरे मराठीत लिहून पाठवी. मी मराठीत कवी कसा झालो, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्याचे खरे उत्तर हे आहे. माझा पहिला वाचक कुवेतमधला एक ड्रायव्हर होता, आणि माझी पहिली श्रोता माझी खाला. मुलाला दात आला, मुलगा पडला, मुलगा पहिलीत पास झाला, असे सगळे मी लिहीत होतो. एक गोष्ट मात्र मी कधी लिहिली नाही. मुलगा तुझी आठवण काढत नाही, ही.

खालाच्या पत्रांत कामाबद्दल फार नसे. जे कळले ते ती परत आल्यावर. पहाटे पाचपासून रात्री घर झोपेपर्यंत काम. सुटीचा दिवस नाही. पासपोर्ट पहिल्याच दिवशी मालकाने ठेवून घेतला. तिथल्या कफाला पद्धतीत कामगार मालकाच्या नावाने बांधलेला असतो, त्याच्या परवानगीशिवाय काम सोडता येत नसे. घरातली माणसे वाईट नव्हती, असे ती नेहमी म्हणे. धाकटी मुलगी तर तिच्या कुशीतच वाढली. ईदला कपडे मिळत. "घरच्यासारखं ठेवलं," ती म्हणे. नऊ वर्षांत एकदा, १९८५ मध्ये, महिनाभर घरी आली. तिचा मुलगा तिच्याकडे परक्यासारखा बघत राहिला. त्याने तिला नाव ठेवले होते, 'कुवेतवाली'.

शेजारच्या घरात एक फिलिपिनो बाई कामाला होती. गच्चीवर कपडे वाळत घालताना दोघी हातवाऱ्यांनी आणि मोडक्या अरबीत बोलत. खाला तिच्याबद्दल नवलाने सांगे. त्या बाईजवळ आपल्या कामाचा छापील करार होता. त्यात पगार किती, मुदत किती, परतीचे भाडे कोणाचे, सगळे लिहिलेले. मालकाशी वाद झाला की ती तो कागद काढी. खाला मला म्हणाली होती, "तिच्याजवळ कागद होता, माझ्याजवळ अल्ला होता." मग जरा थांबून म्हणाली, "दोन्ही असतं तर बरं झालं असतं."

त्या बाईच्या हातात तो कागद कुठून आला, हे समजायला मला पुढे वाचावे लागले. फिलिपाइन्सने १९७४ च्या कामगार कायद्यातच नागरिकांना परदेशी कामाला पाठवण्याची सरकारी व्यवस्था घातली. पैसा देशाला हवा होता. सरकारने बायका-पुरुषांना पाठवले, आणि पुढे त्यांना देशाचे नवे वीर असेही म्हटले. पण नुसता कागद पुरत नाही, हेही त्या देशाने सोसून पाहिले. फ्लोर कॉन्टेम्प्लासियन ही चार मुलांची आई सिंगापुरात घरकाम करत होती. दुसरी एक फिलिपिनो कामगार आणि एक लहान मुलगा यांच्या खुनाबद्दल तिला दोषी ठरवून १७ मार्च १९९५ रोजी फाशी देण्यात आले. ती निर्दोष होती असे तिच्या देशातल्या असंख्य लोकांना वाटत होते. सारा देश रस्त्यावर आला. त्याच वर्षी तिथे परदेशी गेलेल्या कामगारांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला.

कॅनडाने १९९२ मध्ये वेगळी वाट काढली. मालकाच्याच घरात राहून मुले, वृद्ध किंवा अपंग यांची २४ महिने सेवा केली, की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येई. फिलिपाइन्सच्या हजारो बाया या वाटेने कॅनडात स्थायिक झाल्या. घरातच राहण्याची ती अट २०१४ मध्ये गेली. पण दोन वर्षे काम, मग अर्ज, मग मुलांना बोलावण्याची परवानगी, यात बरीच वर्षे सरत. विमानतळावर आई मुलाला मिठी मारायला धावे, आणि समोर मिसरूड फुटलेला अनोळखी मुलगा उभा असे. ही हकिगत मी वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरातच ती घडलेली होती.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. खालाचे मालक आधीच सुटीसाठी देशाबाहेर होते. तिचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात कुलपात. काही महिन्यांचा पगारही राहिलेला. इतर हिंदुस्थानी कामगारांबरोबर बसने वाळवंट ओलांडत, इराकमधून जॉर्डनच्या अम्मान शहरात ती पोचली. आपल्या सरकारने तिथून एअर इंडियाच्या विमानांनी लाखावर माणसे मायदेशी आणली. जगाच्या इतिहासात नागरिकांना विमानांनी असे सोडवून आणण्याचे ते फार मोठे काम समजले जाते. त्या विमानात खालाला जागा मिळाली. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर परतीचे तिकीट दिले ते सरकारने, मालकाने नव्हे.

नंदुरबार स्टेशनवर ती उतरली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी आणि वकिलातीने दिलेला एक कागद होता. मी तेव्हा वीस वर्षांचा, बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तो कागद मी वाचला आणि थबकलो. त्यावर तिचे पूर्ण नाव होते. नऊ वर्षे मी 'प्यारी खाला' म्हणून पत्रे लिहिली. लिफाफ्यावर पत्ता मालकाचा असे. तिचे नाव लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. बोटीच्या यादीत 'आया' एवढेच लिहिणाऱ्या त्या गोऱ्या कारकुनात आणि माझ्यात काय फरक होता?

पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ मध्ये या युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. कुवेत सोडावे लागलेल्या माणसाला २,५०० किंवा ४,००० डॉलर अशी ठराविक रक्कम मिळणार होती. खालाचा अर्ज मी भरला. पण ती कुवेतमध्ये कामाला होती याचा पुरावा काय? करार नाही, पगाराची पावती नाही, पासपोर्ट नाही. अम्मानचा तो एक कागद होता. आणि आईने ट्रंकेत जपून ठेवलेले तिच्या पत्रांचे लिफाफे होते, कुवेतचे तिकीट आणि टपालाचा शिक्का असलेले. ते सगळे मी जोडले. पैसे यायला वर्षे लागली, पण आले. त्यातून मुलासाठी रिक्षा घेतली. माझ्या लिखाणाचे आजवर मिळालेले सर्वांत मोठे मानधन तेच, असे मी समजतो.

मुलगा मात्र तिच्याजवळ लगेच गेला नाही. चौदा वर्षांचा होता. तिला अम्मी म्हणायला त्याला दोन वर्षे लागली. एकदा तापात म्हणाला, तेव्हा खाला उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. कुवेतच्या त्या धाकट्या मुलीची आठवण ती शेवटपर्यंत काढायची. तिच्या मायेत खोटे काही नव्हते. म्हणूनच मला वाटते, मायेच्या नावाखाली मजुरी बुडवणे हा साधा अन्याय नव्हे. तो दोन्ही घरांतल्या मुलांवरचा अन्याय आहे.

खालाच्या काळानंतर बरेच बदलले. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी ठराव क्रमांक १८९ संमत केला. घरात काम करणारी बाईही कामगार आहे, तिला लेखी अटी, विश्रांती आणि आठवड्याची सुटी हवी, हे जगाने मान्य केले. लंडनची ती पाटी लागली त्याची तारीखही १६ जूनच. फिलिपाइन्सने त्या ठरावावर २०१२ मध्ये मोहोर उमटवली. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले, मोहोर मात्र अजून उमटवलेली नाही. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला. त्यात कामाचे तास, आठवड्याची सुटी आली. मालकाने पासपोर्ट ठेवून घेण्याला मनाई झाली. आपल्या महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायदे कागदावर आले की लगेच घरात पोचतात असे नाही. पण निदान दाखवायला काही हातात असते.

आणि आता जर्मनी. तिथे माणसे म्हातारी होताहेत, सांभाळणारे हात कमी पडताहेत. केरळच्या परिचारिका तिथे १९६० च्या दशकापासून गेल्या, वसल्या, त्यांची नातवंडे आता जर्मन बोलतात. २०२२ च्या डिसेंबरात भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार झाला. २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. महाराष्ट्र सरकारनेही तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी याच वर्षी करार केला. आमची मुलगी या लाटेतली.

मग मी तिचा करारनामा वाचायला बसलो. पगार लिहिलेला होता. आठवड्याचे तास, वर्षाची रजा लिहिलेली होती. तिथे तिच्या पदविकेला मान्यता मिळेपर्यंत मदतनिसाचा पगार, नंतर परिचारिकेचा, हेही होते. नवव्या पानावर एक कलम होते. तीन वर्षांच्या आत काम सोडल्यास भाषेच्या शिकवणीचा आणि प्रवासाचा खर्च परत करावा लागेल. किती, ते लिहिले नव्हते. मी तिला म्हटले, "ही जागा रिकामी आहे. रिकाम्या जागेवर सही करू नको. तुझ्या दादीची सगळी नोकरीच रिकाम्या जागेवर होती."

तिने एजन्सीला लिहिले. पहिल्यांदा उत्तर आले की ही नेहमीची पद्धत आहे, काळजी करू नये, आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत. कुटुंबासारखे! मी हसलो आणि म्हटले, "पुन्हा लिही." तीन आठवड्यांनी सुधारलेले पान आले. रक्कम लिहिलेली, आणि ती दर महिन्याला कमी होत जाणारी. मग मी आणखी चार गोष्टी सांगितल्या. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. कराराची एक प्रत इथे बापाजवळ ठेव. वकिलातीचा पत्ता पाठ कर. आणि पहिल्या पगारातून परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढ, त्यांना हात लावू नको.

ती म्हणाली, "चाचा, परतीचं तिकीट कशाला? मी तर तिथंच राहायला चाललेय."

मी म्हटले, "म्हणूनच. परत येता येत असेल, तरच माणूस आपल्या मर्जीनं राहतो. नाहीतर तो अडकलेला असतो."

श्रोतेहो, हे सगळे परदेशाचेच आहे असे समजू नका. धडगाव-अक्राणीच्या पाड्यांवरून मुली सुरतला, नाशिकला, आपल्याच शहरात मुले आणि म्हातारी माणसे सांभाळायला येतात. त्यांच्यासाठी घाट उतरून पलीकडचे शहर हाच परदेश. भाषा वेगळी, जेवण वेगळे. आपल्या घरी अशी कोणी असेल, तर आज संध्याकाळी दोन कामे करा. तिचे पूर्ण नाव विचारा, आणि तिचा पगार, सुटी, गावी जाण्याचे भाडे कागदावर लिहून एक प्रत तिला द्या. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. घरच्यासारखे वागवाच, पण आधी कामगारासारखे वागवा.

आमच्याकडे साध्या माणसाच्या कबरीवर नाव कोरत नाहीत. खालाची कबरही तशीच, मातीची. पण तिच्या मुलाने, जो तिला कुवेतवाली म्हणायचा, त्याने आपल्या मुलीला आईचेच नाव ठेवले. करारनाम्याच्या बाराव्या पानावर सही झाली, ती त्या नावाने. पासपोर्टवरही तेच आहे.

मुलगी जर्मनीला पोचली. दर रविवारी फोन करते. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितले, तिच्याकडे एक नव्वदीची आजीबाई आहे. त्यांना तिचे नाव काही केल्या उच्चारता येईना. त्या 'सिस्टर'च म्हणत राहिल्या. हिने मग वहीच्या पानावर जर्मन अक्षरांत नाव मोठ्याने लिहून त्यांच्या पलंगाशी लावले. आता आजीबाई रोज सकाळी ते वाचतात. चुकीचे वाचतात, पण नावानेच हाक मारतात.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)